दवंडी आणि देवांची रीत : ‘अँटिगनी’विषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अथेन्सचा प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीस याचं ‘अँटिगनी’ हे दैवी कायदा विरुद्ध मानवी कायदा या संघर्षाचं नाटक म्हणून शिकवलं जातं. पण दैवी कायद्याचं कलम मला नाटकात कुठंच सापडलं नाही. अँटिगनी नेमका कोणता कायदा पाळते?

उत्तर : कलम सापडणार नाही, कारण देवांनी दिलेली कायद्याची पोथी ग्रीकांकडे नव्हतीच. कथा थोडक्यात अशी : ईडिपसचे दोन मुलगे एकमेकांच्या हातून मरतात. थीब्ज या ग्रीक शहरासाठी लढलेल्या एटिओक्लीसवर राजा क्रेऑन मानाने अंत्यसंस्कार करतो. शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचं प्रेत उघड्यावर टाकायला लावतो. त्यांची बहीण अँटिगनी त्या प्रेताला मूठमाती देते आणि पकडली जाते. क्रेऑन तिला जिवंतपणी थडग्यासारख्या गुहेत कोंडतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ओळ ४४९ ते ४५७ मध्ये आहे. (मूळ ग्रीक ओळींचे क्रमांक समासात दिलेला अनुवाद जवळ ठेवा, त्याशिवाय असं बारकाईचं वाचन होत नाही.) ‘हे कायदे मोडायची तुझी हिंमत झाली?’ असं क्रेऑन विचारतो. इथे त्याचा शब्द आहे ‘नोमोस’, म्हणजे कायदा. अँटिगनी तो शब्द त्याच्या हातून काढून घेते. त्याच्या हुकमाला ती म्हणते ‘केरिग्मा’, म्हणजे दवंडी. ‘केरिक्स’ म्हणजे दवंडी देणारा. देवांचा राजा झ्यूस याने ही दवंडी दिली नव्हती, पाताळातल्या देवांसोबत राहणाऱ्या न्यायदेवतेनेही असे कायदे घालून दिले नव्हते, असं ती सुनावते. देवांच्या बाजूला ती ‘नोमिमा’ ठेवते : चालत आलेली रीत, विधी. ही रीत अलिखित आहे, अढळ आहे, आणि ती कधी सुरू झाली हे कुणालाच माहीत नाही.

अनुवादात दोन्हीकडे ‘कायदा’ आला की हा सगळा डाव पुसला जातो. मात्र ‘नोमोस माणसांचा, नोमिमा देवांचा’ अशी सोपी वाटणीही करू नका. न्यायदेवतेच्या संदर्भात अँटिगनीही ‘नोमोस’च म्हणते. ‘नोमोस’ या शब्दावर हक्क कुणाचा, हाच तर दोघांचा झगडा आहे.

आता ती रीत म्हणजे प्रत्यक्षात काय? फार थोडं. पहिल्या वेळी प्रेतावर कोरड्या मातीचा पातळ थर, एवढंच. थडगं नाही, खड्डा नाही. पहारेकरी ती माती झाडून टाकतात. दुसऱ्या वेळी ती पुन्हा माती घालते आणि काशाच्या कलशातून तीन धारा ओतते. पहिल्या वेळची माती, प्रेताजवळून जाताना दोष लागू नये म्हणून कुणी घालावी तशी घातलेली दिसत होती, असं पहारेकरीच सांगतो.

प्रश्न : अथेन्समध्येही देशद्रोह्यांना दफन नाकारत असत, असं वाचलं. मग तिथल्या प्रेक्षकांना क्रेऑनचं काय चुकलेलं वाटलं असेल?

उत्तर : या नाटकावर लिहिताना सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. अथेन्सचा नियम होता की देशद्रोही आणि देवळं लुटणारे यांना ॲटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या हद्दीतल्या, भूमीत पुरायचं नाही. देशद्रोहाचा आरोप झालेला अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस परमुलखात, मॅग्नेशियात मेला. त्याच्या नातलगांचं म्हणणं होतं की त्याच्या अस्थी त्यांनी गुपचूप ॲटिकात आणून पुरल्या, कारण उघडपणे पुरण्याची मुभा नव्हती. हे इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे बंदी होती ती आपल्या हद्दीत पुरायला. क्रेऑन प्रेत हद्दीबाहेर काढत नाही. ते थीब्जच्या जमिनीवरच कुत्र्या-गिधाडांपुढे ठेवतो आणि कुठेच, कुणीच अंत्यविधी करू नये म्हणून वर पहारा बसवतो. शिक्षा देण्याचा त्याचा अधिकार प्रेक्षकांना मान्य असेल. शिक्षा कुठवर न्यायची, ती मर्यादा तो ओलांडतो.

परिणाम काय होतो ते टायरेसिअस हा आंधळा द्रष्टा अगदी तपशिलाने सांगतो (ओळ ९९८ पासून). पक्षी किंचाळत एकमेकांना ओरबाडतात. तो वेदीवर आहुती ठेवतो, पण ज्वाळा उठत नाही. मांड्यांची चरबी निखाऱ्यांवर गळते, धुमसते, तडतडते, पित्त हवेत उडतं, हाडं उघडी पडतात. कारण पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी प्रेताचे लचके आणून गावभरच्या वेद्या विटाळल्या आहेत. पुढे ओळ १०६८ पासून तो क्रेऑनच्या चुकीचे दोन भाग करतो : जिवंत मुलीला थडग्यात कोंडलंस, आणि पाताळातल्या देवांचं प्रेत वर अडवून ठेवलंस. त्या प्रेतावर तुझा हक्क नाही आणि वरच्या देवांचाही नाही, असं तो म्हणतो. आमच्या मते नाटकातलं सर्वांत काटेकोर कायदेशीर विधान हेच आहे. प्रश्न अधिकारक्षेत्राचा आहे, आणि ते देवांमध्येही वाटलेलं आहे.

प्रश्न : क्रेऑन शेवटी माघार घेतो. तरी सगळे का मरतात?

उत्तर : क्रम चुकतो म्हणून. कोरस, म्हणजे थीब्जच्या वृद्धांचा समूह, सांगतो (ओळ ११००) : आधी मुलीला गुहेतून सोडव, मग मृताचं थडगं बांध. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो, अवशेष धुतो, ताज्या फांद्यांवर जाळतो, वर मातीचा उंच ढीग रचतो आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. पुढे तिचा वाग्दत्त वर, म्हणजे क्रेऑनचाच मुलगा हेमॉन, आणि पाठोपाठ राणी युरिडिसी जीव देतात.

प्रश्न : ‘नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं,’ असं अँटिगनी म्हणते. मग दैवी कायद्याचं काय झालं?

उत्तर : ओळ ९०४ ते ९२०. तिचं म्हणणं असं : नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, आईबाप मृत्युलोकात असताना भाऊ पुन्हा जन्मणार नाही. जर्मन कवी गटे याला हा उतारा इतका खटकला की तो मूळचा नाही हे कुणीतरी सिद्ध करावं, असं त्याने १८२७ मध्ये बोलून दाखवलं. शंकेला आधार आहे. हाच युक्तिवाद इतिहासकार हिरोडोटसच्या तिसऱ्या ग्रंथात इंटाफ्रेनीस या पर्शियन सरदाराची बायको करते, पण तिथे जिवंत भावाला वाचवायचं असतं, त्यामुळे तो तिथे चपखल बसतो. उलट बाजूने, ॲरिस्टॉटलने यातल्या ओळी उद्धृत केल्या आहेत, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकात त्या संहितेत होत्या. आम्ही त्या ठेवतो. शिवाय इथेही ती विचारते, ‘कोणत्या नोमोसने मी हे म्हणते?’ मरणाच्या दारात तीही आपल्या कृतीसाठी नियम शोधते आहे, आणि या वेळी तो घरातल्या नात्यातून काढते.

प्रश्न : अथेन्सच्या न्यायालयात अलिखित नियम चालत असे का?

उत्तर : अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने युद्धात मेलेल्यांच्या अंत्यविधीला केलेल्या भाषणात अलिखित नियमांचा गौरव आहे : ते मोडणाऱ्याला सगळे लाज देतात. पण अथेन्समध्ये मोडलेली लोकशाही परत आल्यावर, इ.स.पू. ४०३ मध्ये, अधिकाऱ्यांनी कोणत्याही बाबतीत अलिखित कायदा वापरू नये असं लिहून ठरलं. नागरिकांच्या सभेचा ठराव कायद्यापेक्षा वरचढ नाही, हेही तेव्हाच ठरलं. अलिखित नियम अधिकाऱ्याच्या हाती गेला की तो त्याच्या मर्जीचा होतो, ही भीती त्यामागे दिसते. वक्त्यांसाठी मात्र तो हाताशी राहिला. लिखित कायदा तुमच्या विरुद्ध असेल तर सर्वांना समान अशा कायद्याचा आधार घ्या, असं सांगताना ॲरिस्टॉटल अँटिगनीचाच दाखला देतो. आणि लिखित कायदा तुमच्या बाजूने असेल तेव्हा उलटा युक्तिवाद कसा करायचा, तेही लगेच पुढे शिकवतो.