बंकिमबाबूंनी नोकरी केली, पण…

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी इतिहास घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. तिला ऐतिहासिक कादंबरी लिहायची आहे आणि पुढे स्वतःचं छोटं प्रकाशन काढायचं आहे. वडील म्हणतात, आधी राज्यसेवा. त्यांनी बंगाली कादंबरीकार बंकिमचंद्रांचा दाखलाही दिलाय: 'बंकिमचंद्र सरकारी अधिकारी होते. नोकरी सांभाळून कादंबऱ्या लिहिल्या, मासिकही चालवलं. मग हिलाच काय अडचण? तुम्ही समजावून सांगा.' सोबत मुलीच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण जोडलंय, बारा पानांचं. तिला न विचारता पाठवलेलं दिसतंय.

दादा, बंकिमचंद्रांचा दाखला तुम्ही दिलात, तर तो शेवटपर्यंत बघू या.

१८५८ साली कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए.ची परीक्षा झाली. दोघंच पास झाले, त्यातले एक बंकिमचंद्र. तेही एका विषयात थोडक्यात राहिले होते, विद्यापीठाने ग्रेस दिला. त्याच वर्षी, विसाव्या वर्षी, जेसोरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट म्हणून नेमणूक झाली. वडीलही डेप्युटी कलेक्टर. म्हणजे पदवी आणि नोकरी यांच्यामध्ये त्यांची वर्षं गेलीच नाहीत. तुमच्या मुलीच्या बाबतीत 'आधी राज्यसेवा' याचा अर्थ काय होतो? पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, अभ्यासिका, पूर्व, मुख्य, मुलाखत, मग निकालाची वाट. हे एकदा नाही, बहुतेकांचं तीन-चारदा होतं. माझ्याकडे एकोणतिसाव्या-तिसाव्या वर्षी येणारी मुलं 'आता दुसरं काही सुचतच नाही' म्हणतात. बंकिमबाबूंना नोकरीने लिहायला स्वस्थता दिली. इथे नोकरी मिळेपर्यंतच लिहायची वर्षं संपायची भीती आहे.

तरी नोकरीचा त्यांना उपयोग झाला, हे तुमचं खरंच आहे, आणि तो फक्त पगाराचा नव्हता. बदली होऊन ते मेदिनीपूर जिल्ह्यात, समुद्राजवळच्या कांथीकडच्या भागात गेले होते. १८६६ची 'कपालकुंडला' त्याच किनाऱ्यावर घडते. गंगासागरहून परतणारी यात्रेकरूंची नाव धुक्यात वाट चुकते, आणि चुलीसाठी लाकडं आणायला उतरलेला नवकुमार मागे राहतो. ती रेती, ते धुकं गॅझेटिअर वाचून येत नाही, तिथे राहावं लागतं. ३३ वर्षं नोकरी करून ते १८९१ला निवृत्त झाले. तोवर बहुतेक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या.

एक बंगाली माणूस तर तुमच्या अगदी दारापर्यंत येतो. रमेशचंद्र दत्त, आय.सी.एस. बंगालीत लिहायचं ते टाळत होते, म्हणायचे मला बंगालीची शैली ठाऊक नाही. बंकिमचंद्रांनी त्यांना सांगितलं, तुमच्यासारखे शिकलेले लोक जे लिहितील तीच शैली होईल. नोकरीत असतानाच, १८७८ साली, दत्तांनी शिवाजी महाराजांच्या काळावर 'महाराष्ट्र जीवनप्रभात' लिहिली. पुढे ते बडोद्याला सयाजीरावांचे दिवाण झाले आणि १९०९ साली तिथेच वारले. ही माहिती मुलीला द्या. तिला ती आधीच असेल असा माझा अंदाज आहे.

आता मासिकाचं. 'बंगदर्शन' बंकिमचंद्रांनी १८७२ साली सुरू केलं, तेव्हा ते बहरामपूरला नोकरीत होते. 'विषवृक्ष' त्यातच क्रमशः आली. पुढे कांठालपाड्याला, घरच्या गावी, छापखानाही झाला. पण चार वर्षांनी त्यांनी संपादन सोडलं, अंक बंद पडला, मग भावाने, संजीवचंद्रांनी, तो पुन्हा उभा केला. पगार चालू असलेल्या, नाव झालेल्या माणसाची ही गोष्ट.

आणि इथेच तुमची योजना अडते. आज महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत वर्तणूक नियम आहेत, १९७९चे. प्रासंगिक साहित्यलेखनाला ते आड येत नाहीत. पण शासनाची पूर्वपरवानगी नसताना कोणताही व्यापार-धंदा करता येत नाही, आणि प्रकाशन हा धंदाच आहे. म्हणजे तहसीलदार झालेली तुमची मुलगी कादंबरी लिहू शकेल, प्रकाशन काढणं अवघड. तुम्ही तिची दोन्ही स्वप्नं एका पदात बसवलीत, पण त्यातलं एकच बसतंय.

तिलाही दोन गोष्टी ऐकवतो, कारण पत्र ती वाचणारच.

प्रकाशन म्हणजे मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभ नव्हे. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी एका छोट्या प्रकाशकाकडे प्रुफं वाचायचो. तिथे पहिल्यांदा कळलं की पुस्तक पानांत नाही, फर्म्यांत मोजतात. सोळा पानांचा एक फर्मा. २०८ पानं म्हणजे तेरा फर्मे. २११ झाली की प्रकाशक लेखकाकडे बघतो आणि म्हणतो, 'तीन पानं काढा.' समजा ३०० रुपये किमतीच्या ५०० प्रती छापल्या. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, तर प्रतीमागे १८० हातात, सगळ्या खपल्या तर ९० हजार. छपाई-बांधणी ११० धरली तर ५५ हजार गेले. लेखकाचं मानधन दहा टक्के, १५ हजार. उरले २० हजार. त्यात अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, टेम्पो. आणि विक्रेत्याचे पैसे सहा महिन्यांनी, तेही तीन फोन केल्यावर. आयएसबीएन मात्र फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या केंद्रीय संस्थेकडून. पुस्तक निघालं की कायद्याने प्रती ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात, त्यातली एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला. ते पोस्टेजही हिशोबात धरायचं.

म्हणून मी सुचवतो ते असं. पदवीनंतर दोन वर्षं तिने एखाद्या प्रकाशनात पगारी काम करावं, संपादन साहाय्यक, मुद्रितशोधक, जे मिळेल ते. पगार कमी असेल, घरभाडं कदाचित तुम्हाला द्यावं लागेल. क्लासला लाख-दीड लाख भरायची तुमची तयारी आहेच, ते पैसे इकडे वळवा. सोबत मोडी शिकावी. तुमच्या जिल्ह्याचा इतिहास लिहायचा तर पुण्यातल्या पेशवे दफ्तरातले कागद स्वतः वाचता आले पाहिजेत, नाहीतर दुसऱ्याने वाचलेलंच ती परत लिहील. एम.ए. बाहेरून करता येईल. राज्यसेवेचा एखादा अटेम्प्ट तिला स्वतःहून द्यावासा वाटला तर द्यावा, पण त्याला वर्षाची सीमा घाला, आणि ती आधी ठरवा.

हरिभाऊ आपटे आठवा. बी.ए. पूर्ण झालं नाही. आनंदाश्रमात संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाची व्यवस्था पाहायचे, १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिक चालवलं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या त्यातच क्रमशः दिल्या. पोट आणि लिहिणं एकाच आवारात होतं. मला बंकिमबाबूंपेक्षा हा दाखला तिच्या जास्त जवळचा वाटतो.

राहिलं प्रकरण. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ला पदच्युत केलं आणि त्यांचे वकील रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले, हा विषय घेणारी मुलगी उगाच स्वप्नात नाही, एवढं मला दिसलं. वाड्यातल्या बायकांची कुजबुज फार चांगली उतरलीय. बोली साताऱ्याची आहे, पुस्तकी नाही.

सातव्या पानावर मुंबईहून पत्र येतं आणि थोरली काकू त्यावरचं टपाल तिकीट नखाने सोलून बघते. दृश्य सुंदर आहे. पण आपल्याकडे तिकिटं सिंधमध्ये १८५२ला आणि बाकी देशात १८५४ला आली. त्या काकूला लाखेचा शिक्का सोलायला द्या.