पहिला कॅमेरा घेतोयस? आधी रात्री सराफ्यात जा

मेगापिक्सेलच्या आकड्यावर भाळू नकोस. सहा बाय चार इंचांच्या प्रिंटला 2 मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. बघायचा तो सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चकती. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये (खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात) तो साधारण 6.2 बाय 4.6 मिलिमीटरचा, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. ‘एक इंची’ म्हणतात तो 13.2 बाय 8.8 (यात इंच कुठे आहे, विचारू नकोस!), पण क्षेत्रफळ चौपट.

फरक कळायला इंदूरचा सराफाच हवा, रात्री खाऊगल्ली होणारा सराफ बाजार. भुट्ट्याच्या किसाची वाफ, बल्बचा पिवळा उजेड, हलणारी माणसं. कमी उजेडात कॅमेरा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढवतो आणि सेन्सर छोटा असला की फोटोवर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके येतात. दुकानात कॅमेऱ्यात आपलं मेमरी कार्ड घालून अंधाऱ्या कोपऱ्यात दोन फोटो काढ, घरी मोठे करून बघ.

डिजिटल झूम बंदच ठेव, तो नुसता फोटो कापून ताणतो. ऑप्टिकल, म्हणजे लेन्सने होणारा झूम, तीन-पाच पट म्हणजे भरपूर.

वापरलेला घ्यायलाही हरकत नाही, फक्त त्याची बॅटरी अजून मिळते का ते आधी विचार. मी लेन्स निरखून पाहिली, बॅटरी राहिलीच. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) राजवाड्यापाशी ऐन भरात, आणि माझा कॅमेरा वीस फोटोंत आडवा!