सॉफ्ट टॉप गाडीच्या दारांची रबरं चपटी झालीत, पावसात पाणी आत येतं. दुरुस्त करू की सगळी बदलू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून जुनी सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी हुडाची, गाडी आणलीत, आता ती वेंगुर्ल्यात असते, गेल्या पावसात चालकाच्या पायाखाली पाणी साचत होतं, दाराची बीडिंग (कडेने बसवलेली रबराची पट्टी) चपटी झालीय आणि गॅरेजवाला म्हणतो सगळी रबरं नवीन टाका. टाकावीत का?

आत्ताच नको. आधी पाणी शिरतं कुठून ते शोधा. हे मी पैसे घालवून शिकलोय.

माझी कापडी हुडाची जिप्सी मालवणजवळ गावात उभी असते. गाडी घेतली त्या वर्षी मे महिन्यात मी दोन्ही दारांची बीडिंग हौसेने बदलली. मृग लागला, पहिलीच झड आली आणि उजवा गुडघा पुन्हा ओला. शेवटी कणकवलीत रिक्षांची हुडं शिवणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही. हुडाखालच्या पाइपवरून बोट फिरवलं, ओलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "रबराक कित्याक नावां ठेवतंस? आदी शिवण बघ." समोरच्या काचेच्या वर, कोपऱ्यात हुडाची शिवण उसवली होती. पाणी तिथून आत यायचं, पाइपवरून घरंगळत दाराच्या वर पोचायचं आणि तिथून माझ्या गुडघ्यावर. कौलारू घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कौल फुटतं एकीकडे आणि गळतं वाशाच्या टोकाला.

तुमचं पाणी पायाखाली साचतंय, म्हणजे मी पहिला संशय दाराच्या पोटावर घेईन. दारात वर-खाली होणारी काच असेल तर काचेलगतची पट्टी सगळं पाणी अडवत नाही. थोडं पाणी दारात उतरतंच, आणि ते बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडे लाल माती आणि पाल्याचा चुरा बसून ती चोंदतात. दार उघडून दोन-चार वेळा हलवा. आत डुचमळल्यासारखा आवाज आला तर खराट्याचा हीर खालून त्या भोकांत घाला. (तारेने रंग खरवडतो, हीरच बरा.) मी पहिल्यांदा घातला तेव्हा कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी भळाभळा आलं. तो रंग गंजाचा होता. शिवाय दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो कुणी फाडला असेल तर दारातलं पाणी थेट तुमच्या पायाशी येतं. जाड प्लॅस्टिक आणून तो नव्याने लावणं हे एका सकाळचं काम आहे.

आता रबराची तपासणी. शाळेतला खडू घ्या, बीडिंगवर सगळीकडून घासा, दार हळूच लावून उघडा. पत्र्यावर खडूची रेघ उमटेल. जिथे ती तुटली तिथे रबर टेकत नाही. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. घट्ट ओढावी लागली तर ठीक, सुळकन आली तर तिथे दाब नाही. रात्री गाडीत एकाला मोठी बॅटरी देऊन बसवा आणि बाहेरून बघा, हुडाच्या कडेच्या फटी लगेच दिसतात. नळाचा पाइप सर्वांत शेवटी. धार मंद ठेवा आणि खालून वर जा, एकेका जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होईल आणि कळणार काहीच नाही.

अंगणात एक गोष्ट मात्र सापडत नाही. गाडी वेगात असताना हुडावरून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि कापड फुगून वर उचललं जातं. तेवढ्याने समोरच्या काचेवरच्या रबरावरचा दाब सैल होतो. उभ्या गाडीत थेंब नाही आणि हायवेला लागलं की कपाळावर अभिषेक, असं असेल तर रबर बदलण्याआधी हुडाचे हूक आणि पट्टे ताणून घ्या.

खडूची रेघ एक-दोन ठिकाणीच तुटत असेल तर रबर वाचवता येतं. काढून साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. पोकळ नळीचं रबर चपटं झालं असेल तर तेवढ्या भागात मत्स्यालयाच्या हवेची बारीक नळी साबणपाणी लावून आत सरकवा, पुन्हा उभारी येते. हा इलाज एक-दोन पावसाळ्यांचा आहे, पण चालतो. त्या रबराला मधूनमधून सुईएवढी भोकं असतात. ती आतली हवा निघायला असतात, बुजवू नका. सगळं जागेवर बसलं की फडक्यावर सिलिकॉन ग्रीस घेऊन हलकं पुसा. इंजिन ऑइल, डिझेल, व्हॅसलिन यांतलं काही नको. दारांची रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ती उन्हाला दाद देत नाहीत, पण खनिज तेलाने फुगून लिबलिबीत होतात. आमच्या वाडीत हा तेलाचा सल्ला दर दुसरा माणूस देतो.

रबराला बारीक भेगा पडल्या असतील, नखाने दाबल्यावर ते वर येत नसेल किंवा आतला पत्र्याचा कणा गंजून बाहेर डोकावत असेल तर मात्र बदलाच. कंपनीचं मिळालं तर उत्तम. मीटरवर घेणार असाल तर जुन्याचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्या. पत्र्याची कड पकडणारी खाच आणि नळीची जाडी, दोन्ही जुळायला हवीत. "जाड घ्या, जास्त घट्ट बसेल" असं एका दुकानदाराने मला सांगितलं आणि मी ऐकलं. बिजागरीकडे रबर इतकं दाबलं गेलं की लॉककडची बाजू बाहेर आली आणि तिथून पाणी सुरू झालं. दार आपटल्याशिवाय लागेना ते वेगळंच.

जुनं रबर काढलं की खाली काय दिसेल याची मनाची तयारी ठेवा. खारी हवा आणि अडकून राहिलेली ओल यांनी पत्र्याची कड पापुद्र्यासारखी सुटलेली असते. आपल्या किनाऱ्यावर खरं काम इथेच आहे, रबर बसवणं त्यामानाने सोपं. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, प्रायमर, रंग, आणि दोन दिवस वाळू द्या. हे न करता नवं रबर चढवलंत तर गंजावर पांघरूण घातल्यासारखं होईल आणि पुढच्या वर्षी धरायला कडच उरणार नाही.

बसवताना रबर ताणू नका. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. उलट बोटाच्या पेराच्या निम्मं जास्त ठेवा आणि दाबून बसवा. सांधा दाराच्या चौकटीत खाली, मधोमध येऊ द्या. कापलेल्या टोकाला आतला पत्रा उघडा पडतो, त्यावर रंगाचा थेंब लावा. चिकटवायचं रबर असेल तर ते विकणाऱ्याकडूनच त्याचं काळं ॲडहेसिव्ह घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणू नका. तो वास ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे ते पत्र्याला गंजच चढवतं. शिवाय सिलिकॉनचा थर एकदा बसला की त्यावर पुढे ना रंग धरतो ना दुसरा डिंक. मी समोरच्या काचेच्या चौकटीत ते भरून ठेवलं होतं, ब्लेडने खरवडताना दोन रविवार गेले.

हे सगळं मे संपायच्या आत उरका. जुलैत पत्रा कोरडा मिळत नाही आणि डिंक धरत नाही. आत्ता मात्र एवढंच करा: दाराच्या भोकांत हीर घाला आणि कुठल्या रंगाचं पाणी आलं ते इथेच लिहा, मग रबराचं पुढे बघू.