आधी ये, हिशेब मग

बेटा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज रात्री दीडला आलेला, मी सकाळी वाचला, मग परत वाचला, दिवसभर मिरची वाळत घालायच्या पथारीवर होतो पण डोक्यात तेच. बहिणीच्या फीचे पैसे गेममध्ये गेले, घरी खोटं बोललास, आणि चार महिने झाले तू चर्चमध्ये पाय ठेवला नाहीस, कारण तुझं म्हणणं, "आधी पैसे भरतो, सवय सोडतो, मग देवासमोर उभा राहीन." ह्या एका वाक्यासाठीच लिहायला बसलोय. चुकलास हे खरंच आहे, ते मी कमी करून सांगणार नाही. पण हे वाक्य त्या चुकीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

आपल्याकडे तारण हा शब्द दोन ठिकाणी कानावर पडतो, चर्चमध्ये पापातून सुटका म्हणून आणि बँकेत गहाण म्हणून. पेरणीच्या आधी किती घरांतलं सोनं तारण म्हणून बँकेत जातं आणि कापूस विकला की सुटून येतं, हे तू लहानपणापासून बघितलंयस. आता विचार कर, गहाण पडलेली सोन्याची पोत स्वतःहून कधी सुटून आली का? तिने कितीही चमकायचं ठरवलं तरी ती तिथेच पडून राहते, मालकाला पैसे घेऊन जावं लागतं. येशू बायबलात मार्कच्या 10 व्या अध्यायात म्हणतो की मी सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलोय. तिथला मूळ ग्रीक शब्द आहे लुत्रॉन, म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला भरायची किंमत. आणि तू काय करतोयस, तर कपाटात पडलेली पोत म्हणतेय मी आधी स्वतःला सोडवते मग मालकाकडे जाते.

एक गोष्ट सांगतो, घरच्यांशिवाय कोणाला सांगितलेली नाही. मी अकरावीला धुळ्याला होतो, बापाने फीसाठी दिलेले पैसे मित्रांसोबत उडवले, आणि ते झाकायला मायची चांदीची कडी तिला न विचारता एका सावकाराकडे ठेवली. बापाला कळलं. मला मारलं नाही, काही बोललाही नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी घरची दुभती म्हैस घेऊन गेला आणि संध्याकाळी दावं खांद्यावर टाकून एकटाच परत आला, उपरण्यात बांधलेली कडी मायच्या पुढ्यात ठेवली. मायने ती राखेने घासली, हातात घातली आणि मला म्हणाली, "बठ, चहा पी ले." काळा चहा होता. मग वर्षभर घरात काळाच चहा, माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता, तोही तोच प्यायचा. कोणी टोमणा मारला नाही कधी, पण रोज सकाळी कप हातात आला की मला कळायचं, ती कडी फुकट सुटलेली नाहीत, मला फुकट मिळाली आहेत एवढंच.

माझ्या बापाची गोष्ट इथेच तोकडी पडते, कारण त्याने म्हैस विकली, देव स्वतःच आला. तू विचारलंस ना, देवबापाने आपल्या पोराला, येशूला, मरायला पाठवलं हे कसलं प्रेम, हा प्रश्न चांगला आहे, विचारायला घाबरू नकोस. योहान 10:18 बघ, येशू म्हणतो माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन तो देतो. आणि प्रेषित पौल करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, 5:19, लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे एक रागावलेला बाप आणि एक बिचारा पोरगा असं चित्र नाहीये ते. वधस्तंभावर जे दुखलं ते देवालाच दुखलं. मला हे समजायला बरीच वर्षं गेली, अजूनही पूर्ण समजलंय असं म्हणणार नाही, पण ह्यावरच मी उभा आहे.

आता पेत्राचं, येशूच्या शिष्याचं. येशूला पकडलं त्या रात्रीची गोष्ट. योहान 18:18 वाच, थंडी होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलेला आणि पेत्र त्यांच्यात शेकत उभा होता, आणि त्या रात्री तो तीनदा म्हणाला मी येशूचा कोणी नाही. मग 21:9 वर ये. येशू मरणातून उठलाय, पेत्र आणि बाकीचे शिष्य रात्रभर जाळी टाकून किनाऱ्याला येतात आणि तिथे परत कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. मूळ ग्रीकमध्ये त्या विस्तवाचा शब्द आख्ख्या नव्या करारात ह्या दोनच जागी आलाय. आपण शेकोटीवाले लोक, आपल्याला माहितीये धुराचा वास कसा सगळं परत आणून उभं करतो, पेत्राच्या पोटात काय झालं असेल सांग. आणि येशू त्या विस्तवापाशी काय म्हणतो, तर या, न्याहारी करा. पोट भरल्यावर मग विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का, तेही तीनदा, आणि तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय. जखम झाकली नाही त्याने, पण जेवू घातल्याशिवाय उघडलीही नाही.

ह्याचा अर्थ पैसे भरायचे नाहीत असा काढू नकोस हं. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय येशूला बघायला उंबरावर चढलेला, येशूने बोलावलं तसा खाली उतरला, येशू त्याच्या घरी गेला, आणि मग तो उभा राहून म्हणाला ज्याचं फसवून घेतलंय त्याला चौपट देतो. आधी येशू घरात, मग चौपट. तुलाही बहिणीचा रुपया न रुपया द्यायचाय, पण माफी विकत घ्यायला नाही, ती मिळालीये म्हणून.

तर हे कर. तो गेम बहिणीसमोर काढून टाक, एकट्याने नको. पुढचे काही महिने पगार आला की आईच्या हातात दे, लाज वाटेल, वाटू दे. वडिलांना फोनवर सांगू नकोस, समोर बसून सांग, ते रागावतील आणि तो त्यांचा हक्क आहे, मधे बोलू नकोस. एकट्याने जमणार नसेल तर मी बाजूला बसतो, मी काही बोलणार नाही, फक्त बसतो.

आणि रविवारी चर्चला ये, आहेस तसाच. शनिवारी सुरतहून भुसावळकडची गाडी धर, नंदुरबारला कितीला पोचतेय ते टाक. मी स्टेशनवर उभा असेन.