वाचकांचे प्रश्न : तूस, साली आणि सांडपाण्यातील जड धातू

प्रश्न : भाताचे तूस, उसाचे चिपाड, शेंगांची टरफले, संत्र्याच्या साली यांसारख्या शेतमालाच्या टाकाऊ भागांनी कारखान्यांच्या सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे विषारी धातू काढून टाकता येतात, असे वाचनात आले. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर इतकी स्वस्त पद्धत सगळीकडे का वापरली जात नाही?

उत्तर : खरे आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, लिग्निन आणि फळांच्या सालींमधील पेक्टिन यांच्या रेणूंवर हायड्रॉक्सिल आणि कार्बोक्सिल नावाचे अणूंचे गट असतात. त्यांच्यापाशी कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा हायड्रोजन यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, असतात. पाण्यातील शिशाचा किंवा तांब्याचा धनभारित आयन त्यांना हुसकावून ती जागा पटकावतो. या क्रियेला ढोबळमानाने अधिशोषण (पृष्ठभागाला चिकटणे) म्हणतात, तरी तिच्यात आयन-विनिमयाचा, म्हणजे आयनांच्या अशा अदलाबदलीचा, वाटा मोठा असतो. कार्बोक्सिल गटांनी समृद्ध असलेल्या संत्र्याच्या साली या कामात कच्च्या तुसापेक्षा बहुधा सरस ठरतात. तुसावर सिलिकाचे कठीण आवरण असते, म्हणून ते आधी सौम्य अल्कलीने धुऊन घेण्याची रीत आहे.

सगळा खेळ पाण्याच्या सामूचा (pH चा, म्हणजे आम्लतेच्या मापाचा) आहे; सामू जितका कमी, तितके पाणी अधिक आम्लधर्मी. सामू 2 च्या आसपास असला, तर पाण्यात हायड्रोजनचे आयन इतके असतात की बहुतेक जागा तेच अडवून बसतात. शिसे, कॅडमियम आणि तांबे साधारणपणे सामू 4 ते 6 या दरम्यान चांगले पकडले जातात. त्याहून वर गेल्यास काही धातू हायड्रॉक्साइड होऊन आपोआप खाली बसू लागतात, आणि श्रेय मात्र सालींच्या खात्यावर जमा होते. त्यामुळे असे अहवाल वाचताना प्रयोग कोणत्या सामूला केला, हे आधी पाहावे.

क्रोमियमची तऱ्हा निराळी आहे. त्याचे अधिक विषारी, षट्संयुजी (संयुजा 6 असलेले) रूप पाण्यात ऋणभारित क्रोमेट म्हणून वावरते. ते आम्लधर्मी पाण्यात, सामू 2 च्या सुमारास, धनभारित झालेल्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि तिथल्या सेंद्रिय पदार्थांमुळे त्याचे क्षपण होऊन (त्याला इलेक्ट्रॉन मिळून) त्रिसंयुजी (संयुजा 3 असलेले) क्रोमियम तयार होते. हे त्रिसंयुजी क्रोमियम एवढ्या आम्लात सालीला चिकटून न राहता बरेचसे पाण्यात परतू शकते. केवळ षट्संयुजी रूप मोजले तर पाणी शुद्ध झाल्यासारखे वाटते. एकूण क्रोमियम मोजले म्हणजे खरी स्थिती कळते.

आता पद्धत सर्वत्र का नाही, याविषयी. धातूंचे प्रमाण जास्त असेल, तर चुना घालून ते गाळाच्या रूपात खाली बसवणे सोपे पडते. मात्र थोडा धातू पाण्यात उरतोच. साली आणि तूस यांचा खरा उपयोग या शेवटच्या टप्प्यात आहे. समजा, एका पदार्थाची धातू धरून ठेवण्याची क्षमता दर ग्रॅमला 20 मिलिग्रॅम आहे आणि पाण्यात दर लिटरला 10 मिलिग्रॅम शिसे आहे. मग 1,000 लिटर पाण्यातील 10 ग्रॅम शिशासाठी हिशेबाने 500 ग्रॅम पदार्थ पुरायला हवा. पण ही क्षमता बहुधा धातूचे प्रमाण भरपूर असलेल्या द्रावणात मोजलेली असते. पाणी स्वच्छ होत जाते तसतशी ती घटते, शिवाय खऱ्या सांडपाण्यातील कॅल्शियम, तेलकट अंश आणि धातूला बांधून ठेवणारी रसायने तिच्यात वाटेकरी होतात. कच्च्या सालींतून रंग आणि सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उतरतात, ही आणखी एक अडचण.

सर्वांत अवघड प्रश्न वापरून झालेल्या मालाचा आहे, आणि कौतुकाच्या लेखांत नेमका तोच गाळला जातो. धातू नष्ट होत नाही. तो पाण्यातून तुसात येतो, म्हणून ते तूस घातक कचऱ्यात मोडते. सौम्य आम्लाने धुऊन धातू थोड्या द्रवात गोळा करता येतो आणि तूस पुन्हा वापरता येते, परंतु दर फेरीला त्याची पकड बहुधा सैल होते. असा माल खतात मिसळणे म्हणजे धातू शेतात पोहोचवणे. तो उघड्यावर जाळला, तर कॅडमियम आणि शिसे धुरावाटे हवेत जाऊ शकतात, तर अल्कलीयुक्त राखेत त्रिसंयुजी क्रोमियमचे पुन्हा षट्संयुजी क्रोमियम होऊ शकते.