जमैकात समुद्रकिनारी साध्या ठिकाणी पारंपरिक जेवण काय मागवावं?

किंग्स्टनला काही दिवस मुक्काम आहे, हॉटेलचा बुफे नकोय, समुद्रकाठच्या साध्या ठिकाणी इथलं खरं जेवण जेवायचंय आणि बायको शाकाहारी आहे, असा तुमचा प्रश्न. मी नोकरीमुळे इथेच राहतो, म्हणून सरळ सांगतो: हेलशरला जा, अख्खा तळलेला मासा मागवा आणि त्याच्यासोबत बॅमी, म्हणजे इथली कसाव्याची भाकरी, घ्यायला चुकू नका.

हेलशर म्हणजे किंग्स्टनजवळच्या पोर्टमोर शहराच्या पलीकडचा किनारा. कॅलेंडरवरचा पांढरा किनारा डोळ्यासमोर असेल तर तो आधी काढून टाका. समुद्राने इथली बरीच वाळू खाल्ली आहे. पण लोक इथे पोहण्यापेक्षा जेवायलाच येतात.

मेनूकार्ड शोधत बसू नका. बर्फातले मासे दाखवतात, आपण बोट दाखवायचं. भाव पौंडाच्या वजनावर असतो. वजन डोळ्यासमोर करून घ्या आणि कढईत पडण्याआधी एकूण आकडा विचारा, तोही जमैकन डॉलरमध्ये. स्नॅपर घ्या, आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला आहे. मग निवांत बसा, घाई करून काही होत नाही.

तळलेल्या माशावर 'एस्कोविच' घालून मागा. कांदा, गाजर, ऑलस्पाइस नावाच्या मसाल्याचे दाणे आणि स्कॉच बॉनेट मिरची व्हिनेगरमध्ये टाकून ते गरम मासळीवर ओततात. ही पद्धत मूळ स्पॅनिश लोकांची. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं, स्पॅनिश गेले, आंबट मासा राहिला. मिरचीबद्दल मात्र ऐका. 'आम्ही कोल्हापूरचे' वगैरे इथे चालत नाही. स्कॉच बॉनेट लवंगी मिरचीला सहज मागे टाकते. पहिला घास बेताचाच घ्या.

आता बॅमी. ही कसाव्याची जाड, गोल भाकरी. हा तोच कंद ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो. युरोपीय यायच्या आधीपासून इथले मूळ रहिवासी ताइनो लोक ती करत आले. कंद किसायचा, पिळून त्यातला विषारी रस काढून टाकायचा, उरलेला चोथा थापून भाजायचा. खायच्या आधी नारळाच्या दुधात भिजवून तळतात: बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, चवीला जवळजवळ अबोल. एस्कोविचचा आंबट-तिखट रस तिच्यावर घ्या, मग कळेल ती कशासाठी आहे. बहुतेक पाहुणे फेस्टिव्हल मागवून मोकळे होतात. ते मक्याच्या पिठाचं गोडसर, लांबुळकं तळण असतं. वाईट नाही, पण पोट त्यानेच भरतं.

भाजलेला किंवा तळलेला ब्रेडफ्रूट दिसला तर तो म्हणजे आपला कोकणातला निरफणस. उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायचं म्हणून कॅप्टन ब्लाय याने १७९३ मध्ये ताहितीहून रोपं इथे आणली. काप घरच्यासारखेच लागतात, फक्त वर रवा-मसाला नसतो.

वहिनींसाठी खरं सांगायचं तर हेलशर फारसं सोयीचं नाही. बॅमी, फेस्टिव्हल, ब्रेडफ्रूट सगळं शाकाहारीच, पण ते बहुधा मासे तळलेल्याच तेलात तळलेलं असतं. त्यांना ते चालत नसेल तर त्या दिवशी त्यांच्यासाठी शहरातून 'आयटल' जेवण बांधून न्या. आयटल म्हणजे रास्ताफारी या इथल्या धर्मपंथाच्या लोकांचं सात्त्विक म्हणावं असं जेवण: मांस नाही, मीठ कमी किंवा नाहीच, नारळाचं दूध भरपूर. बाकी ठिकाणी 'कॅलालू' विचारा. जमैकातली कॅलालू म्हणजे माठाची भाजी. त्यात खारवलेला मासा नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या. 'राइस अँड पीज' म्हणजे नारळाच्या दुधातला राजमा-भात. त्यातही कधीकधी खारवलेलं मांस असतं.

तुम्हाला मटण आवडत असेल तर करी गोटही खा, पण मासा सोडून नाही. १८४५ पासून करारावर आलेल्या हिंदुस्थानी मजुरांमागून इथे करी आली. रंग आपल्यासारखाच हळदीचा, वास मात्र ऑलस्पाइसचा.

आणि एप्रिल ते जून येत असाल तर लॉब्स्टर मागू नका, त्या तीन महिन्यांत इथे त्याच्या मासेमारीवर बंदी असते. कोणी देऊ केला तरी नको म्हणा. निळसर-हिरवा पॅरटफिशही शक्यतो टाळा. प्रवाळावरचं शेवाळ खाऊन खडक जिवंत ठेवणारा तोच मासा आहे, आणि हेलशरच्या खडकांची अवस्था आधीच बिकट आहे.