वाचकांचे प्रश्न : ब्रिटनच्या द्विपंखी फ्लाइंग बोटी

प्रश्न : दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटिश हवाई दल सागरी टेहळणीसाठी वापरत असलेल्या जवळजवळ सर्व फ्लाइंग बोटी द्विपंखी, म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन थर असलेल्या होत्या. जर्मन आरेखकाची एकपंखी डॉर्नियर वाल १९२२ सालीच उडालेली असताना ब्रिटिशांनी १९३४ नंतरही ही रचना का सोडली नाही? शिवाय प्रत्येक प्रकारची विमाने इतकी थोडी का बांधली गेली?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फ्लाइंग बोटीचा आकार ठरवताना हवेइतकाच पाण्याचाही विचार करावा लागतो. या विमानाचे धड म्हणजेच त्याची नौका असते, आणि उड्डाणापूर्वी तिला पाण्याच्या ओढीतून सुटावे लागते. त्यासाठी धडाच्या तळाला आडवी पायरी दिलेली असते. वेग वाढला की विमान त्या पायरीवर उचलले जाते आणि पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते. हा टप्पा शक्य तितक्या कमी वेगात पार पडावा, म्हणून पंखांचे क्षेत्रफळ मोठे हवे, आणि प्रोपेलर तुषारांपासून दूर राहावेत, म्हणून इंजिने उंचावर हवीत. सुमारे ५०० अश्वशक्तीची नेपियर लायन इंजिने हाताशी असलेल्या १९२५ सालच्या आरेखकाला या दोन्ही गरजा द्विपंखी रचनेत एकदम भागवता येत होत्या. खांब आणि तारांनी जखडलेले दोन पंख वजनाला हलके, पण ताठ राहत, आणि इंजिने त्या दोन पंखांमधल्या जागेत पाण्यापासून बरीच वर बसवता येत. वालने हेच कोडे वेगळ्या रीतीने सोडवले होते : धडाच्या वर उचललेला एकच पंख, त्याच्यावर एकामागे एक अशी दोन इंजिने आणि पाण्यावर तोल राखण्यासाठी धडाच्या दोन्ही बाजूंना आखूड फुगवटे. ब्रिटिशांचा अनुभव मात्र जॉन पोर्ट यांनी पहिल्या महायुद्धात फेलिक्स्टो येथे घडवलेल्या द्विपंखी बोटींचा होता, आणि त्यांतील एफ-५ ही बोट १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हवाई दलात टिकून होती.

तिची जागा घेणारी सुपरमरीन साउदॅम्प्टन ही आर. जे. मिचेल यांची रचना. पुढे स्पिटफायर घडवणारे मिचेल हेच. मार्च १९२५ मध्ये साउदॅम्प्टनचे पहिले उड्डाण झाले, त्यापूर्वी केवळ आराखड्यावर भरवसा ठेवून तिची मागणी नोंदवली गेली होती, आणि त्याच वर्षी ती कॅलशॉट येथे सेवेत आली. एकूण ८३ साउदॅम्प्टन बांधल्या गेल्या. त्या काळाच्या मानाने हा आकडा भरघोसच म्हणावा लागेल, कारण ब्लॅकबर्न कंपनीच्या तीन इंजिनांच्या आयरिस बोटी फक्त ५ आणि तिच्यापासून विकसित झालेल्या पर्थ बोटी ४ झाल्या. सहा इंजिनांची आणि १२० फूट पंखविस्ताराची शॉर्ट सॅराफँड तर १९३२ साली एकच उडाली.

ही टंचाई मुख्यतः पैशाची होती. पुढील दहा वर्षांत मोठे युद्ध होणार नाही असे गृहीत धरून सैन्यदलांनी आपला खर्च आखावा, असा दंडक ब्रिटिश मंत्रिमंडळाने १९१९ साली घातला होता आणि तो १९३२ पर्यंत टिकला. हवाई दलाला मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेतून फ्लाइंग बोटींच्या वाट्याला फारच थोडे येई. ते कामही सुपरमरीन, रोचेस्टरचे शॉर्ट, ब्रोचे ब्लॅकबर्न, काउजचे सॉन्डर्स-रो अशा नदीकाठच्या किंवा खाडीकाठच्या कारखान्यांत विभागले जाई. चार-पाच विमानांच्या मागणीसाठी नवे साचे आणि हत्यारे तयार करणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नव्हते. म्हणून जुन्या आराखड्यातच सुधारणा करत राहण्याकडे सर्वांचा कल राहिला. साउदॅम्प्टनमधून १९३२ साली स्कापा आणि १९३४ साली स्ट्रॅनरार निघाली ती याच वाटेने.

दंडक उठल्यानंतर लगोलग विमाने हवी होती, आणि नव्या एकपंखी बोटी अद्याप कागदावरही पुऱ्या उतरल्या नव्हत्या. तेव्हा शॉर्ट सिंगापूरची तिसरी आवृत्ती मागवण्यात आली. तिची चार केस्ट्रेल इंजिने दोन-दोनच्या जोड्यांत पाठीला पाठ लावून बसवलेली होती. जोडीतील पुढचा प्रोपेलर विमान ओढत असे आणि मागचा ढकलत असे. अशा ३७ बोटी झाल्या. १९३७ साली स्पॅनिश यादवीच्या काळात भूमध्य समुद्रातील व्यापारी जहाजांवर अनोळखी पाणबुड्या हल्ले करू लागल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध गस्त घालण्याचे काम या बोटींनी केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एकपंखी शॉर्ट संडरलँड प्रथम उडाली. म्हणून माझ्या मते १९२५ साली द्विपंखी रचना निवडणे हे शहाणपण होते, पण १९३४ साली तीच निवडावी लागणे हे आधीच्या दशकातील काटकसरीचे फळ होते, आणि त्याचा दोष आरेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

प्रश्न : साउदॅम्प्टनचे धड आधी लाकडी होते, नंतर ते धातूचे करण्यात आले. याने कितपत फरक पडला? खाऱ्या पाण्यात धातू टिकत होता का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : फरक मोठा पडला. ड्युरॅल्युमिनच्या धडामुळे विमान एकूण सुमारे ९०० पौंडांनी, म्हणजे ४०० किलोंहून अधिक हलके झाले. यातील सुमारे ४०० पौंड हे लाकडात मुरलेल्या पाण्याचे वजन होते. म्हणजे लाकडी बोट प्रत्येक फेरीत जवळजवळ १८० किलो पाणी विनाकारण वाहून नेत असे. त्याऐवजी इंधन नेता येऊ लागल्याने पल्ला वाढला.

गंजण्याची आपली शंका रास्त आहे. ड्युरॅल्युमिन ही तांबे मिसळलेली ॲल्युमिनियमची मिश्रधातू असून खारे पाणी तिला झपाट्याने खाते. यावर १९२३ साली ब्रिटनमध्ये विजेच्या साहाय्याने धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा संरक्षक थर चढवण्याची पद्धत निघाली. ॲनोडायझिंग या नावाने ती आज स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत पोहोचली आहे. तिचा पहिला मोठा उपयोग सागरी विमानांच्या भागांसाठीच झाला. उष्ण कटिबंधातील समुद्रात धातूची बोट किती तग धरते, याची कसोटी ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या चार साउदॅम्प्टन बोटींनी दिली. ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राउन-केव्ह यांच्या नेतृत्वाखाली हा ताफा कराचीमार्गे भारताच्या किनाऱ्याने सिंगापूरला गेला, तेथून ऑस्ट्रेलियाला वळसा घालून आणि हाँगकाँग गाठून १९२८ अखेर सिंगापूरला परतला. सुमारे २७,००० मैलांच्या या प्रवासात धडाच्या रंगलेपांचीही पारख झाली.

धातूच्या बाजूने लागलेल्या या निकालाला पुढे एक गमतीदार अपवाद घडला. जहाजावरून गोफणयंत्राने फेकल्या जाणाऱ्या छोट्या वॉलरसच्या दुसऱ्या आवृत्तीचे धड सॉन्डर्स-रोने दुसऱ्या महायुद्धात पुन्हा लाकडाचे केले, कारण तेव्हा हलक्या मिश्रधातूंचीच चणचण होती.

प्रश्न : यांपैकी एखादे विमान आज पाहता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : होय. लंडनच्या हेंडन भागातील हवाई दलाच्या संग्रहालयात एक संपूर्ण स्ट्रॅनरार आहे. ब्रिटनमध्ये १७ आणि कॅनडातील कॅनेडियन व्हिकर्स कारखान्यात ४० स्ट्रॅनरार बांधल्या गेल्या. ही त्या ४०पैकी एक असून युद्धानंतर तिने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवासी वाहतूक केली. याच संग्रहालयाकडे साउदॅम्प्टनचे एक लाकडी धडही आहे. सेवेतून निघाल्यावर लोकांनी ते राहती नौका म्हणून वापरले, आणि त्यामुळेच ते भंगारात जाण्यापासून बचावले.